भिंतीचे विशेषण

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर रेल्वे आणि दुसरे चांदूर बाजार. मुंबई-पुण्याकडचे पाहुणे हमखास भलत्याच चांदूरला उतरतात. माझ्या लग्नात सासरचे एक मामा असेच हावड्याच्या गाडीने जाऊन रेल्वेच्या चांदूरला उतरले आणि अक्षता पडून पंगत उठल्यावर मांडवात पोहोचले. त्याचे खापर ते अजून माझ्या माहेरावर फोडतात. पुढे गंमत अशी झाली, की अमरावती-नरखेड लोहमार्ग टाकला गेला आणि आमच्या चांदूर बाजारलाही रेल्वे आली. आता दोन्ही चांदुरे रेल्वेची झाली. पण गावाला एकदा विशेषण चिकटले की ते सुटत नाही.

मी अमरावतीला मराठी शिकवते. माहेर एस.टी.ने तासा-दीडतासाच्या अंतरावर. इतके जवळचे माहेर म्हणजे जायचे राहून जाणारे माहेर. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पहाटेच भाच्याचा फोन आला, "आत्या, आजी पडली. डोक्याला लागलं. आम्ही तिला तिकडेच घेऊन येऊन रायलो." पुढचा सगळा दिवस इस्पितळात गेला. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. शुद्धीवर होती, पण कपाळापासून कानापर्यंत सगळी बाजू सुजलेली. डोक्याचा सी.टी. स्कॅन झाला, संध्याकाळी अहवाल हातात आला. दादाने तो दोनदा वाचला आणि माझ्यापुढे धरला.

"हे पॅरायटल काय असते? तू एवढी एम.ए. आहेस, सांग."

"दादा, मी मराठीची एम.ए. आहे."

पण शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला असे उत्तर देऊन सुटका होत नाही. डॉक्टर तरुण होते, भले होते. म्हणाले, "डोक्याच्या वरच्या बाजूला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी दोन पसरट हाडे असतात. उजव्या हाडाला केसाएवढी रेघ गेली आहे. आपोआप भरेल. एक दिवस नजरेखाली ठेवू." मग त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या डाव्या हातावर एक वस्तू ठेवली. "आजी, काय आहे सांगा." आईने ती बोटांनी चाचपली, फिरवली, अंगठ्याने दाते मोजावेत तशी घासली. "किल्ली हाये. पण आमच्या घरची नाही." डॉक्टर हसले. त्या हाडाखाली मेंदूचा जो भाग असतो त्याचे नावही तेच, पॅरायटल. उजव्या बाजूचा भाग डाव्या हाताला आलेला स्पर्श ओळखतो. हातात काय आहे, आपला हात कुठे आहे, हे डोळे मिटूनही त्यामुळे कळते. तो शाबूत होता. आमच्या जिवात जीव आला.

रात्री आईच्या उशाशी बसून मी त्या शब्दाचा पाठपुरावा केला. काळजीच्या वेळी कोणी जप करते, कोणी विणकाम करते. मी शब्दांची मुळे उकरते. लॅटिनमध्ये भिंतीला 'पारिएस' म्हणतात, त्याचे हे विशेषण. पॅरायटल म्हणजे भिंतीचे, भिंतीसंबंधीचे. मेंदूच्या खोलीला ज्या हाडांच्या भिंती आहेत त्यांतले हे एक हाड. हिंदीत परिभाषा करणारांनी त्याला 'पार्श्विका', म्हणजे बाजूची, असे नाव दिले. बाजू राहिली, भिंत गेली.

पण लॅटिन भाषेत एका भिंतीने भागत नाही. घराची भिंत ती पारिएस. शहराभोवतीची ती 'मूरुस'. आणि तटबंदीला 'मोएनिआ' असा आणखी वेगळा शब्द. इंग्रजीतला 'वॉल' आला तो चौथ्याच शब्दावरून, 'वाल्लुम', म्हणजे छावणीभोवती मेढी ठोकून केलेला कोट. आपल्याकडेही असेच आहे म्हणा. घराची ती भिंत, किल्ल्याचा तो तट, गावाचा तो परकोट, आणि तुराट्या उभ्या करून त्यावर शेणमाती थापली तर तो कूड. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला पऱ्हाटीचा कूड आणि मातीची भीत यांतला फरक सांगावा लागत नाही. आमच्याकडे 'भीत'च म्हणतात. शहरातली मुले ते ऐकून भ्यायल्याचा अर्थ घेतात आणि हसतात.

अमरावतीकरांना मूरुस आणि पारिएस यांतला भेद कळायला लॅटिन नको. आमच्या जुन्या शहराला दगडी परकोट आहे. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथल्या मालदार व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत 1807 साली तो बांधायला घेतला. उंची वीस ते सव्वीस फूट, घेर सव्वादोन मैलांचा, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे माणसाने जाण्यायेण्याचा लहान दरवाजा. एका खिडकीचे नाव खुनारी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे झालेल्या रक्तपातावरून पडलेले. भिंत आता जागोजाग ढासळली आहे, तिच्या कुशीत दुकाने शिरली आहेत. पण 'अंबा गेटच्या आत राहता की बाहेर?' असे विचारणारे म्हातारे मी पाहिले आहेत, आणि त्या प्रश्नात पत्त्यापेक्षा बरेच जास्त काही असे.

या मूरुसवरूनच इंग्रजीत 'एक्स्ट्रा-म्यूरल' हा शब्द आला, म्हणजे भिंतीबाहेरचे. विद्यापीठाच्या आवाराबाहेर, सामान्य लोकांसाठी जे शिक्षण द्यायचे त्याला तिकडे हे नाव. आपल्याकडे त्याला 'बहिःशाल' असा सुरेख शब्द केला. करणाऱ्याने भिंत टाकून दिली आणि शाळा घेतली. ही निवड मला फार आवडते. खेड्यात, देवळाच्या सभामंडपात, समोर दहा बाया आणि त्यांची रडणारी पोरे असताना मुक्ताबाईवर बोलायचे, त्याला 'भिंतीबाहेरचे' म्हणण्यात कसला तरी उणेपणा आला असता.

तिसऱ्या दिवशी आईला घरी नेले. अमरावतीहून निघाल्यावर वलगाव लागते. तिथल्या पेढी नदीजवळ 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबा गेले. बाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः त्यांतल्या एकाही खोलीवर हक्क सांगितला नाही. गाडीत ही गोष्ट निघाली. दोघेही भाऊ एकदम बाहेर बघायला लागले. त्याचे कारण मला तोवर ठाऊक नव्हते.

घरी पोहोचल्यावर कळले. अंगणात, ओसरीच्या पायरीपासून थेट मागच्या विहिरीपर्यंत, दोन फूट खोल चर खणलेली होती. पायव्याची चर. दादा आणि धाकटा, दोघांचे ठरले होते: घराच्या मधोमध भिंत घालायची. आई पहाटे उठून सवयीने तुळशीकडे निघाली, आणि काल नव्हती त्या जागी आज खड्डा. ती पडली ती त्या चरीत. डोके ओसरीच्या दगडी कंगोऱ्यावर आदळले.

मला कुणी काही सांगितले नव्हते. आमच्याकडे लेकीला वाटणीचे सांगतात ते सही घेण्यापुरते. तशी ती तयारीही होती. हक्कसोड पत्राचा मसुदा दादाच्या कपाटात होता. भाऊबीजेला मी येणारच होते, ओवाळणीच्या ताटानंतर तो पुढे यायचा होता. 2005 सालापासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे हे मला माहीत होते, त्यांनाही माहीत होते. म्हणून तर सही हवी होती. 'मला काही नको' असे म्हणणारी बहीण मी नाही, हेही इथेच सांगून टाकते. मला पैसा नको होता. पण त्या घरातले काहीतरी हवे होते आणि ते काय, हे मला धड सांगता येत नव्हते.

आता ते घर कसे आहे ते सांगते. वऱ्हाडातल्या जुन्या गावांना दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. ही पांढरी माती घरांच्या आणि गढ्यांच्या भिंतींना वापरत. गढी पडली की तीच माती गावकरी उकरून नेत आणि दुसऱ्या घराच्या भिंतीला लावत. आमच्या भिंतीही पांढऱ्या मातीच्या आहेत, दोन हात रुंद. उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असते आणि आत माठातल्यासारखा गारवा. त्या रुंदीतच कोनाडे, देवळ्या आणि एक सागवानी दारांचे फडताळ बसवलेले आहे. गिलाव्याच्या मातीत कुटार कालवतात, म्हणजे ती तडकत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली जो गिलावा आहे त्यातही मातीत भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत. माझी आजी दिवाळीपूर्वी भिंती पोतारायची तेव्हा तिला आपण अजिंठ्याच्या कारागिरांच्या गोत्रातल्या आहोत हे माहीत नव्हते. माहीत असते तरी तिने तेवढ्याचसाठी हात थांबवला नसता.

अजिंठ्याच्या चित्रांना इंग्रजीत 'म्यूरल' म्हणतात. पण फ्रान्समधल्या लास्को गुहेत 1940 साली जी आदिमानवाची चित्रे सापडली, त्या जातीच्या कलेला पंडित 'पॅरायटल' म्हणतात. दोन्ही भिंतीवरचीच. पण ओबडधोबड कातळावर थेट काढलेल्या चित्रांना बहुधा हा दुसरा शब्द लागतो. तशी चित्रे आमच्याही शेजारी आहेत. मोर्शीच्या पलीकडे सातपुड्यात, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत धारूळ गावाजवळ अंबादेवीची गुहा आहे. तिच्या आसपासच्या कपारींत अमरावतीच्या डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या सोबत्यांना 2007 साली रंगवलेल्या आणि कोरलेल्या आकृती सापडल्या. मी विद्यार्थ्यांबरोबर एकदा जाऊन आले आहे. काताच्या रंगासारख्या तांबड्या रंगातली जनावरे. त्या वेळी एका मुलीने विचारले होते, "मॅडम, घर नव्हतं तेव्हाही लोक भिंत रंगवत होते?" मला उत्तर सुचले नाही आणि मी तिला पाण्याची बाटली मागितली.

या पॅरायटल कलेच्या उलट जी कला, म्हणजे हाडावर, दगडाच्या तुकड्यावर कोरलेली, उचलून नेता येणारी, तिला म्हणतात 'मोबिलियरी'. म्हणजे आपल्या तलाठ्याच्या भाषेत एक स्थावर आणि दुसरी जंगम. माझ्या भावांनी जंगम वस्तू तासाभरात वाटून घेतल्या होत्या. पितळेची घंगाळे, आजोबांचे घड्याळ, शिलाईयंत्र. भांडण उरले होते ते पॅरायटल.

आई ओसरीवर खाटेवर पडून होती. तिच्यापासून पाच हातांवर ती चर. मिस्त्री रोज सकाळी येऊन विचारून जायचा, "भाऊ, साडेचारीची घेऊ का नऊ इंची?" दादा म्हणायचा, थांब. धाकटा म्हणायचा, विटा येऊन पडल्या आहेत. दोघांनाही आईच्या डोळ्यांसमोर काम सुरू करायची हिंमत नव्हती आणि मागे घ्यायचीही नव्हती. दोन्ही जावा एकाच चुलीवर आईसाठी पातळ भात करीत होत्या आणि एकमेकींशी भाच्यामार्फत बोलत होत्या.

मी खाटेजवळ बसून कोशाची पाने उलटत होते. भिंतीला रोमन लोक 'पारिएस कोम्मूनिस' म्हणत, म्हणजे सामाईक भिंत. ओव्हिड या कवीने बाबिलोनच्या दोन प्रेमिकांची गोष्ट सांगितली आहे. शेजारी घरे, मध्ये सामाईक भिंत, तिला एक फट, आणि त्या फटीतून त्यांचे चोरटे बोलणे. पुढे शेक्सपिअरने त्या गोष्टीचे नाटकातले नाटक केले, आणि त्यात एक पात्र चक्क भिंत होऊन उभे राहते. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत तर वसतिगृहाच्या खोलीत मुलींनी किंवा मुलग्यांनी पाहुण्याला किती वाजेपर्यंत बसवावे यासंबंधीच्या नियमांना 'पॅरायटल रूल्स' म्हणत. 1960 नंतरच्या चळवळींत तिथले बरेच नियम गेले. आमच्या वसतिगृहाला असे भारदस्त नाव नव्हते. आमच्या रेक्टरबाई सातच्या ठोक्याला फाटकाशी येऊन उभ्या राहत, इतकेच.

मराठीकडे वळले तर 'भिंत' हा शब्द संस्कृत 'भित्ति'पासून, आणि भित्ति 'भिद्' धातूपासून. फोडणे, चिरणे. 'भेद' हा शब्दही त्याच धातूचा. हे मी वर्गात वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. त्या दिवशी चरीकडे बघत ते आठवले तेव्हा मात्र पुस्तक मिटून ठेवले.

चौथ्या दिवशी धाकट्याची मुलगी पपई कापायला बसली. ती अकरावीला आहे, वनस्पतिशास्त्राची परीक्षा तोंडावर. उभी चिरलेली पपई माझ्यापुढे धरून म्हणाली, "आत्या, आम्हांला हेच आहे. पॅरायटल प्लॅसेंटेशन. बघा, बिया मधात नाहीत, भिंतीला चिकटून आहेत." मी उडालेच. मराठी विश्वकोशात याला 'तटलग्न' म्हटलेले आहे. लॅटिनवाल्यांनी घराची भिंत घेतली, आपल्या लोकांनी पपईत किल्ल्याचा तट नेऊन बसवला! "आणि संत्र्याचं?" मी विचारले. अंगणात आंबिया बहराच्या संत्र्यांची करंडी होतीच. तिने एक आडवे कापले. फोडींच्या बिया मधल्या दांड्याकडे. ते अक्षलग्न. "संत्र्यात प्रत्येक फोडीला भिंत हाये," आई खाटेवरून म्हणाली, "पपईत एकच घर." आम्हांला वाटले होते ती झोपली आहे.

त्याच संध्याकाळी तिने दोघा भावांना बोलावले. मलाही बसवले. आई माधानच्या गुलाबराव महाराजांची भक्त. माधान आमच्याच तालुक्यातले. महाराज तान्हेपणीच आंधळे झाले, 1915 साली चौतिसाव्या वर्षी गेले, आणि तेवढ्या आयुष्यात त्यांनी ग्रंथांची रास रचली. स्वतःला ते ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत. त्यामुळे आमच्या घरात ज्ञानेश्वर म्हणजे जवळजवळ नात्यातले. आता आई भिंत चालवल्याची गोष्ट सांगणार, वाघावरचा चांगदेव येणार, चारी भावंडे एकाच भिंतीवर बसलेली असणार, आणि आम्ही तिघे माना खाली घालणार, असे मला वाटले. दादालाही तेच वाटले असावे. त्याने आधीच मान खाली घातली होती.

आईने यातले काही काढले नाही.

"भीत घाला," ती म्हणाली. "मले समजते. दोन सुना, दोन चुली, पोरं मोठी झाली. माह्या सासऱ्यानं अन् चुलतसासऱ्यानं घातलीच होती. पण उंच कायले पाहिजे? मले वाळवण घालाले जागा नाही राहिली. विहिरीकडचं ऊन या अंगणात येते ते सकाळीच येते. डोक्याइतकी भीत घातली तं ते बी बंद. कमरेच्या खाली ठेवा. वरून फरशी बसवा. मी तिच्यावर मिरच्या वाळू घालीन, अन् दोन्ही घरच्या उचलतील."

धाकटा म्हणाला, "आई, मग भिंत घालून उपयोग काय?"

"कागदावर हाये ना उपयोग. मोजणीवाला येईल तेव्हा त्याले दाखवजो."

दादा हसला. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा. मग ती माझ्याकडे वळली. "अन् हिच्या कागदाचं आत्ता राहू द्या. मी हावो तोवर राहू द्या." यावर दादा काही बोलला नाही. त्याला ते आवडले नाही हे मला दिसले. मी सही केली नाही, आणि 'करते' असेही म्हटले नाही. त्या गोष्टीचा निकाल अजून लागलेला नाही. या लेखात तो लावून टाकण्याचा मला मोह झाला होता, पण दोघे भाऊ दिवाळी अंक वाचतात.

भाऊबीजेला दोघांना एकाच पाटाशेजारी पाट मांडून ओवाळले. चर तशीच होती. वर फळ्या टाकल्या होत्या, त्यावरून पोरे उड्या मारीत होती. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीने काम धरले. मला विचारू लागला, "बाई, किती थर?" जणू मीच मालकीण. मी आईकडे बोट दाखवले.

माघात पुन्हा गेले. भिंत झाली होती. कमरेच्या जरा वरच भरते. धाकट्याने दोन थर जास्त लावून घेतले, असे वहिनी म्हणाली. शहाबादी फरशीवर मिरच्या पसरल्या होत्या आणि एका टोकाला धाकट्याचा मुलगा पाय सोडून अभ्यास करीत बसला होता. आईच्या हाडावरची रेघ भरून आल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. घराच्या जुन्या भिंतीला मात्र पायवा खणताना एक तडा गेला आहे, फडताळाच्या बाजूने. दादाने त्यात सिमेंट भरले. मातीच्या भिंतीला सिमेंट धरत नाही हे आई त्याला सांगत होती. मातीत कुटार कालवून भर म्हणाली.

निघताना तिने मला आत बोलावले. "डोये मिट," म्हणाली. "डावा हात कर." तळहातावर काहीतरी गार पडले. लांब दांडी, टोकाला दोनच दाते, मागे झिजलेले कडे.

"काय हाये?"

"फडताळाची," मी म्हटले.